सल्ला: लेकाकडे मँचेस्टरला नेमकं कधी जावं?

पत्र थोडक्यात: इचलकरंजीच्या एका वाचक काकूंचं पत्र आलंय. वय एकसष्ट, मुलगा आणि सून मँचेस्टरला. मुलगा आयटीत, सून हॉस्पिटलमध्ये शिफ्टवर. दोघं दोन वर्षं बोलावतायत पण काकूंचं जाणं काही ठरत नाहीये, कारण प्रत्येक जण वेगळा महिना सांगतो. मुलगा म्हणतो डिसेंबरमध्ये या, ख्रिसमसची सुट्टी असते, लायटिंग असतं. सून म्हणते मे मध्ये या. काका (ज्यांचे आयुष्यभर पॉवरलूम होते) म्हणतात जायचं तर जुलैतच, तेव्हा तिकडे उन्हाळा. शेजारचे म्हणतात कधीही जा, तिथे बारा महिने पाऊस, घरातच बसाल. काकूंना थोडा दमा आहे, गुडघेही कुरकुरतात. बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचाय. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो तर सहा महिने राहून यावं का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटी एक ओळ, हळूच लिहिलेली: "सून मे म्हणते ते ख्रिसमसला आम्ही नको म्हणून तर नसेल?"

---

काकू, नमस्कार.

तुमच्या शेजाऱ्यांपासून सुरुवात करते, कारण दोन वर्षं तुम्हाला सगळ्यात जास्त त्यांनीच अडवलंय असं पत्र वाचून वाटलं. मी मँचेस्टरला लागूनच स्टॉकपोर्टला राहते, त्यामुळे पावसाबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे. मँचेस्टरचा पाऊस वर्षाला साधारण 830 ते 870 मिलिमीटर. वर्षाला हां. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. म्हणजे इथे बारा महिन्यांत पडतो त्याहून जास्त तिथे एका दिवसात पडला. आणि तुमच्या जिल्ह्यातल्या गगनबावड्याचा आकडा तर इथल्या लोकांना सांगितला तर ते मला खोटारडी म्हणतील.

मग नाव एवढं बदनाम का? कारण इथला पाऊस जास्त नाही, पण सारखा आहे. वर्षातले 140-150 दिवस थोडा का होईना पडतोच, आणि त्याला सीझन नाही. आपल्याकडे कसं, जून ते सप्टेंबर काय तो झोडपून घेतो आणि मग छत्री माळ्यावर. इथे छत्री माळ्यावर जातच नाही. अटलांटिकवरून पश्चिमेचे वारे ओल घेऊन येतात, शहराच्या पूर्वेला पेनाइन्स नावाचे डोंगर आहेत, ते वारे वर चढतात, थंड होतात आणि इकडच्या बाजूला रिकामे होतात. सह्याद्रीचं जे गणित तेच. गगनबावडा भिजतो आणि तुमच्या इचलकरंजीपर्यंत येईतो ढग हलके झालेले असतात, तसंच इथे मँचेस्टर भिजतं आणि डोंगरापलीकडच्या यॉर्कला वर्षाला 600 च्या आसपासच मिळतो.

काकांना हे वाचून दाखवा, त्यांना पटकन कळेल. कोरड्या हवेत सूत तुटतं, दमट हवेत टिकतं. इथे कापसाचा धंदा एवढा वाढला त्याला बाकीही कारणं होती, कोळसा जवळ, लिव्हरपूलचं बंदर जवळ, पण ही ओलसर हवाही कामी आलीच. तुमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, तर ज्या पावसाला सगळे नावं ठेवतात तोच या मूळ मँचेस्टरच्या धंद्याला मानवला, हे काकांइतकं दुसऱ्या कुणाला कळणार.

आता पडतो कसा ते सांगते. बहुतेक वेळा चाळणीतून पीठ पडावं तसा. खिडकीतून बघितलं तर पडतोय की नाही कळत नाही, बाहेर दहा मिनिटं चाललं की चष्मा भिजलेला, साडीचा काठ ओला आणि तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही. छत्रीचा फार उपयोग नाही कारण वाऱ्याने उलटी होते, इथले लोक टोपीवालं जॅकेट घालून सरळ चालत राहतात, शाळेतली पोरं तर टोपीही घालत नाहीत. म्हणून "पाऊस आहे म्हणून घरात बसलो" असं इथे कुणी करत नाही, तसं केलं तर वर्षातला अर्धा वेळ घरातच जाईल. तुम्हीही करू नका. एक चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या, थोडं मोठ्या साइजचं, म्हणजे आतून स्वेटर मावतो. लेबलवर नुसतं "शॉवरप्रूफ" लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका, ते अर्ध्या तासात आतून ओलं होतं. आणि बूट ग्रिपवाले, कारण ओल्या फरशीवर आणि ओल्या पानांवर पाय सटकतो आणि तुमचे गुडघे म्हणताय ना कुरकुरतात.

काकांचा जुलै. हा समज सगळ्यांचाच असतो की उन्हाळा म्हणजे कोरडं. इथे उन्हाळा म्हणजे फक्त त्यातल्या त्यात गरम, जुलैत दुपारचं तापमान सरासरी 20-21 डिग्री, आणि पाऊस एप्रिल-मे पेक्षा जास्तच. काकांना 2019 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवत असेलच, भारत न्यूझीलंड, ती इथलीच, ओल्ड ट्रॅफर्डची. 9 जुलैला पावसाने थांबली ती दुसऱ्या दिवशी संपली, आणि पुढचं धोनीच्या रनआऊटचं मी काढत नाही. तर जुलै म्हणजे हा असा. बरं उलटंही होतं. मधेच उष्णतेची लाट येते, 2022 च्या जुलैत तर इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा 40 च्या वर गेला. तुम्ही म्हणाल 40 चं काय कौतुक, आमच्याकडे एप्रिलमध्ये असतंच. पण इथल्या घरांना पंखे नसतात, एसी नसतो, भिंती थंडी बाहेर ठेवायला बांधलेल्या, त्यामुळे आत आलेली गरमी बाहेर जातच नाही. त्यात जुलैच्या शेवटी इथल्या शाळा सुटतात, मग सगळं महाग आणि सगळीकडे गर्दी. जुलै वाईट नाही, पण काका समजतात तेवढा खास नाही.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुणीच काढला नाहीये, ना मुलाने ना शेजाऱ्यांनी. पाऊस, थंडी, बर्फ सगळं झालं, पण उजेड? मँचेस्टर आपल्यापेक्षा खूपच उत्तरेला आहे. 21 डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आधी मावळतो. साडेसात तासांचा दिवस, आणि त्यातही आकाश राखाडी असलं तर तीनलाच दिवे लावावे लागतात. जूनमध्ये बरोबर उलटं, पहाटे पावणेपाचला उजाडलेलं असतं आणि रात्री साडेनऊलाही बाहेर पेपर वाचता येतो.

आमच्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी बघत आलेय, आणि माझं मत विचाराल तर माणूस इथे पावसाने वैतागत नाही, अंधाराने वैतागतो. जेवण झालं, भांडी झाली, एक सिरीयल बघून झाली आणि घड्याळात बघितलं तर साडेचार, बाहेर काळोख, मुलगा यायला अजून दोन तास, सून रात्रपाळीवरून येऊन झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज कमी. इचलकरंजीत त्या वेळेला तुम्ही दारात चार बायकांशी बोलत उभ्या असता. इथे दारात कुणी नसतं. फिरायला जावं तर अंधारात ओल्या रस्त्यावर एकटं जायला नको वाटतं. पहिला आठवडा लाइट्स बघण्यात मजेत जातो, तिसऱ्या आठवड्यात माणूस परतीच्या तिकिटाची तारीख बघायला लागतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. सूनबाईंच्या मनात काय आहे ते मला इथे बसून कसं कळणार, पण "आम्ही नको म्हणून मे" हा अर्थ काढायच्या आधी दुसराही अर्थ घेऊन बघा. ती हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करते. सकाळी अंधारात जाते, अंधारात परत येते, आठवडाभर ऊन न बघता राहणं म्हणजे काय हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल. आणि ख्रिसमसला मुलाच्या ऑफिसला सुट्टी असेल, हॉस्पिटल बंद नसतं. सुट्टी तिला आहे की ड्युटी हे तुम्ही विचारलंय का? पत्रात तरी दिसलं नाही. तिलाच फोन करा, मुलाला मधे न घेता. "अगं, मे महिना का म्हणतेस गं, सांग की जरा" एवढं साधं विचारलं तरी पुरे. उत्तर काहीही येवो, निदान ते तिचं असेल, आपण मनात तयार केलेलं नसेल.

आणि मुलाच्या डिसेंबरचं एक बघा. मँचेस्टरची ख्रिसमस मार्केट्स प्रसिद्ध आहेत, खरंच छान असतात, पण ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होऊन ख्रिसमसच्या दोन-चार दिवस आधी उठतात. म्हणजे त्याची सुट्टी लागेपर्यंत स्टॉल आवरून झालेले असतात. 25 तारखेला तर ट्रेन बंद, ट्राम बंद, मोठी दुकानं कायद्यानेच बंद. स्वतःची गाडी नसेल तर त्या दिवशी तुम्ही चौघं घरात. (चौघं घरात बसून पत्ते खेळणं ही वाईट गोष्ट नाही, पण त्यासाठी एवढा प्रवास?) लायटिंगच बघायचं असेल तर नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरचा दुसरा आठवडा, असा छोटा मुक्काम करा आणि परत जा.

बर्फाचं सांगून टाकते म्हणजे तो विषय मिटेल. मँचेस्टर शहरात डिसेंबरमध्ये बर्फ साचेल याची काही गॅरंटी नाही, पडलाच तर जास्त करून जानेवारी-फेब्रुवारीत, तोही सकाळी पांढरा आणि दुपारी रस्त्यावर नुसता काळा चिखल. इथल्या हवामान खात्याने "व्हाइट ख्रिसमस" जाहीर करायला 25 डिसेंबरला आकाशातून बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी पुरतो, साचायची अट नाही, यावरून काय ते समजा. बर्फासाठी इंग्लंडला येऊ नका. मनालीला जा, स्वस्तात होईल आणि मराठी टूरवाला पोहेही देईल.

मग कधी? माझं उत्तर सूनबाईंच्या बाजूचं आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या आणि जूनच्या मध्यावर परत जा. एप्रिल-मे हे इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, महिन्याला 50-60 मिलिमीटर, तेच ऑक्टोबर ते डिसेंबर 80-90 च्या घरात. मेमध्ये दुपारी 16 डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे तुमच्यासाठी थंडीच, स्वेटर लागणारच, पण उन्हात बसलं तर पाठ छान शेकते. सूर्य रात्री नवाच्या पुढेमागे मावळतो म्हणजे मुलगा सहाला घरी आला तरी पुढे तीन तास उजेड आहे, जेवून बागेत चक्कर मारता येते. हा सगळ्यात मोठा फायदा, कारण डिसेंबरमध्ये त्याला सुट्टी असताना जेवढं बाहेर पडाल त्यापेक्षा जास्त मेमध्ये त्याला सुट्टी नसतानाही पडाल. शिवाय मेमध्ये दोन सोमवार सार्वजनिक सुट्टीचे असतात, पहिला आणि शेवटचा, तेव्हा लांबच्या ट्रिपा जमतात. फक्त शेवटच्या सोमवारच्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे गर्दी धरून चाला. आणि इचलकरंजीचा मे चुकतो हा बोनस. आंबे मात्र हुकतील, ते मी लपवत नाही. आपल्याकडच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की तिकीटंही चढतात, म्हणून उशीर करू नका.

दम्याचं मात्र डॉक्टरांशी आत्ताच बोला. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत इथे झाडांचे परागकण हवेत असतात, मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचे, आणि त्याचा त्रास इथल्या खूप लोकांना होतो, नाक गळतं, डोळे चुरचुरतात, दमा असेल तर तो उठतो. तुम्हाला होईलच असं नाही पण जूनच्या मध्यावर परत जा म्हणाले त्याचं हे एक कारण, जूनमध्ये गवताचं प्रमाण जोरात असतं. इनहेलर पुरेसे आणि हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शन सोबत, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना दमा लपवू नका. लपवला तर नेमका दम्याचाच क्लेम अडकतो. तसं थंडीतही दम्याला सुख नाहीच, बाहेर गार वारा आणि आत हीटरची कोरडी हवा. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि लावायला काढावं तर खोबरेल तेल बाटलीत दगड झालेलं. तेल रुंद तोंडाच्या डब्यात आणा, मेमध्येही ते थिजलेलंच असणार.

सहा महिन्यांचं म्हणाल तर व्हिसा वसूल करायचा नसतो काकू. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, राहायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. सहा महिने म्हटलं की एक टोक अंधारात जाणारच, शिवाय दोघं नोकरीवर, घर छोटं, आणि तिकडे तुमचं घर बंद. सहा-सात आठवडे बरोबर, सगळ्यांना अजून थोडं राहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतंय तेवढ्यात निघायचं.

मे जमलाच नाही तर सप्टेंबर. हवा अजून उबदार, दुपारी 17-18 डिग्री, शाळा उघडल्याने गर्दी ओसरलेली, दिवस बारा-तेरा तासांचा. पण गौरी-गणपती बहुतेक वेळा तेव्हाच येतात, आणि तुमच्याकडे गौरी बसत असतील तर हा महिना तुम्ही स्वतःच खोडाल, मी कशाला सांगू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारताशी फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. माझ्या हिशोबात पाहुण्यांचा सीझन ऑक्टोबरच्या त्या रविवारी संपतो.

आल्यावर काय बघायचं ते मुलाला माहीत असेलच पण दोन गोष्टी माझ्याकडून. एक म्हणजे क्वारी बँक मिल, विमानतळाजवळ स्टायल गावात, 1784 ची कापसाची गिरणी आहे आणि आत जुने लूम चालवून दाखवतात. आवाज एवढा असतो की बाकीचे पाहुणे कानावर हात ठेवतात, काकांना मात्र घरी आल्यासारखं वाटेल. त्यांना तिथे सोडा आणि तुम्ही बागेत बसा, मेमध्ये ती बाग बघण्यासारखी असते. दुसरं लेक डिस्ट्रिक्ट, विंडरमियर वगैरे, गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर. तिथला पाऊस मात्र खरा पाऊस, सीथवेट म्हणून गाव आहे ते इंग्लंडमधलं सगळ्यात ओलं वस्तीचं ठिकाण, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. त्यामुळे तारीख महिनाभर आधी ठरवून ठेवू नका, दोन दिवस आधी फोरकास्ट बघून निघा. इथला दहा दिवसांचा अंदाज मी तरी धरत नाही, उद्या-परवाचा धरते. आणि पाऊस लागलाच तर शहरात जॉन रायलंड्स लायब्ररी, सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, मँचेस्टर म्युझियम, तिन्ही फुकट, तिन्हीकडे बसायला जागा. मँचेस्टर म्युझियममध्ये दक्षिण आशियाची वेगळी गॅलरी आहे, ती चुकवू नका.

तुमच्यासारख्याच इतरांसाठी थोडं, कारण असे मेल बरेच येतात. मुलांच्या पदवीदानाला येणाऱ्यांना महिना निवडता येत नाही, ते बहुतेक जुलैत किंवा डिसेंबरमध्ये असतं. जुलैवाल्यांनी समारंभानंतर दोन-तीन आठवडे राहावं. डिसेंबरवाल्यांनी थोडक्यात आटपावं आणि थर्मल भारतातून भारी दराने घेत बसू नये, इथे स्वस्तात मिळतात. लेकीच्या-सुनेच्या बाळंतपणाला येणाऱ्यांनी तर हवामान विचारूच नये, तारीख डॉक्टर देतात. त्यांनी थंडीत आलात तर एवढंच करा, रोज सकाळी अकरा ते एकच्या मधे बाळाला गाडीत घालून बाहेर पडा, रिमझिम असली तरी, कारण दिवसाचा उजेड जो काय आहे तो तेवढाच.

आता कामाचं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे एप्रिल अखेरला निघायचं तर जानेवारीच्या शेवटाला कागद तयार हवेत. मुलाची पगारपत्रकं, घराचा करार, काकांचे बँक स्टेटमेंट हे आत्तापासून एका फाइलीत लावा. मुलाला मेमधल्या त्या दोन सोमवारांना जोडून रजा आत्ताच टाकायला सांगा, ऑफिसात सगळ्यांचा डोळा त्याच दिवसांवर असतो. आणि सामानात तूप, पेढे, खवा काही घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे परवानगी नाही, विमानतळावर काढून घेतात. चटण्या, मेतकूट, भडंग बिनधास्त आणा. इचलकरंजीहून येताय म्हटल्यावर भडंगाचं पाकीट एक जास्तच घाला, पहिल्याच आठवड्यात संपतं.